चर्चमधला हौद

आमच्या गावातल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये व्यासपीठाच्या फळ्यांखाली दगडी हौद आहे. इथे बाप्तिस्मा घेताना डोक्यासकट बुडावं लागतं. इतकी वर्षं मागच्या बाकावर बसणाऱ्या सरूआजी परवा अखेर तयार झाल्या. आम्ही फळ्या उचलल्या, घराघरातून हंडे आणून ओतले. पण दोनदा लिंपलेला तडा पुन्हा उघडलेला, पाणी घोट्याच्या वर चढेना.

पाळक म्हणाले, "आजी, डोक्यावर थोडं शिंपडू का?"

"नको. बुडायचंय मला."

हातभर जाडीच्या भिंती बांधून गेली हे चर्च उभारणारी माणसं. आम्हाला मेला एक तडा बुजवता येत नाही!

आजी पाय पाण्यात सोडून खालच्या पायरीवर बसल्या. आम्ही रिकामे हंडे घेऊन बघत राहिलो. तड्यातून पाणी झिरपून गेलं, पावलं कोरडी पडली, तरी त्या उठल्या नाहीत.