दहा उखाण्यांची वात

मी मुकादम झालो तो अंगाने दांडगा होतो आणि चौथी पास होतो म्हणून. धुळ्याला पांझरेपलीकडे, देवपूरच्याही पुढे, काळ्या दगडाची एक खाण होती. तिथली खडी रस्त्यांना आणि रेल्वेला जायची. कामाला दहा जोडपी. नवरा घणाने दगड फोडायचा, बायको त्याची खडी करून पाटीने वर आणायची. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. माझ्या आधीच्या मुकादमाने माणसं न मोजताच सुरुंगाला बत्ती द्यायला लावली. त्यात एकाचा पाय गेला आणि मुकादमाची नोकरी गेली. घण टाकून त्याच्या जागी मी आलो. तेव्हापासून रोज दुपारी बार उडायच्या आधी मला एकच धास्ती असायची. एखादा खाली राहिला तर?

मग ठेकेदाराने मुकादमांना शहाणं करायला एक साहेब पाठवला. आपलाच माणूस, पंचविशीचा, डोक्यावर सोला हॅट. देवपूरच्या एका शाळेला सुट्टी होती, तिथे पहिलीच्या बाकांवर आम्हा चार मुकादमांना पाच दिवस बसवलं. गुडघे हनुवटीला लागायचे. साहेब फळ्यावर खाण काढायचा आणि ती वाटीसारखी दिसायची. त्याने सुरुंग उडताना कधी पाहिला नव्हता, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पण त्याच्याकडे जाडजूड पुस्तक होतं आणि आमच्याकडे फक्त अनुभव, त्यामुळे आम्ही माना डोलावत राहिलो.

माझ्यासोबत आमच्या खाणीचे सुरुंगवाले आबाही आले होते, सर्वांत वयस्कर. वात कापायची, दारू ठासायची, बत्ती द्यायची, हे सगळं तेच करायचे. साहेबाला धड्यासाठी एक जखमी माणूस हवा होता, म्हणून त्याने आबांना जमिनीवर निजवलं. आम्ही त्यांना बाकावर घालून मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. खाली ठेवलं तेव्हा ते घोरत होते. साहेबाने वहीत लिहिलं, "जखमीने उत्तम सहकार्य केले." नंतर त्याने त्यांना विचारलं, "बार फुसका गेला, उडलाच नाही, तर लगेच काय कराल?"

"जेवी लिसूत," आबा म्हणाले.

साहेबाने शून्य दिलं. खरं उत्तर होतं, अर्धा तास जवळ जायचं नाही. आबांना जेवायला अर्धा तासच लागायचा, हे मी सांगून पाहिलं. साहेब म्हणाला, पुस्तकात जेवणाचा उल्लेख नाही.

पाचव्या दिवशी त्याने त्याचा आवडता नियम काढला. शिट्टी झाली की सगळ्यांनी वर बांधाआड यायचं. मग प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि जोडीदाराने ओ द्यायची. ओ आली नाही तर बत्ती नाही. नियम सोन्यासारखा होता, माझ्या धास्तीवर याहून चांगलं औषध नव्हतं. फक्त तो ज्या देशातल्या पुस्तकातून आला होता तिथे खाणीत जोडीदार म्हणजे दोन पुरुष असावेत.

खाणीवर पहिल्या दिवशी पहिल्या बाईची पाळी आली. ती पदर तोंडात धरून उभी. दुसरीही तशीच. साहेबाने लिहिलं, "जोडीदाराची ओळख नाही." मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, साहेब, चार पोरांची आई आहे ती, ओळख चांगली आहे, नाव कसं घेणार? तो म्हणाला, मग "अहो" म्हणा. एकीने "अहो" म्हटलं आणि एकदम आठ-नऊ नवरे ओरडले, "शे!", म्हणजे आहे.

शेवटी आबांनी तोड काढली. लग्नात उखाण्यात नाव घेतातच की. साहेब खूश झाला. त्याने हुकूमच काढला, की उखाण्यात घेतलेलं नाव ग्राह्य धरावं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या खाणीवर बार उडायच्या आधी लग्नघर व्हायला लागलं.

"काया दगडवर बसना घनना घाव,
मुकादमनी वाजाडी शिट्टी, अमुकरावनं लेस नाव!"

बायका रात्रभर उखाणे जुळवून यायच्या. शेजारीण काय म्हणाली त्यावर वरचढ म्हणायच्या. देवपूरहून लोक ऐकायला येऊन बसायचे, आणि त्यांना उठवायला मला वेगळी शिट्टी वाजवावी लागायची.

एकच बाई कधी बोलली नाही. तिचा नवरा बहिरा होता. वीस वर्षं पहारीवर घण घालून त्याचे कान गेले होते. साहेबाच्या पुस्तकात बहिऱ्याला खाणीत ठेवायला सक्त मनाई. ती मला येऊन म्हणाली होती, "भाऊ, त्यासले आयकू येस नही हाई सायेबले सांगू नका. काम गयं ते आमी कोठे जाऊत?" मी सांगितलं नाही. शिट्टी झाली की ती त्याची बाही धरून त्याला वर आणायची. तिची पाळी आली की खाली मान घालून त्याच्याकडे बोट दाखवायची आणि मी "झालं" म्हणून पुढे जायचो. चोरी होती ती, पण मोजणी बरोबर यायची.

मग परीक्षेसाठी बडे साहेब येणार असं ठरलं. पास झालो तर दाखला, नाहीतर पुन्हा घण हातात. आमच्या साहेबाने तयारी चालवली. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, दिसायला नीट. बोट दाखवणं बंद, प्रत्येकीने उखाणा घ्यायचाच. हत्यारं खाली दिसता कामा नयेत. सकाळी आबा मला म्हणाले, "बडा सायेब खोळंबी जाई. मी आज लांबी वात ठेवस, दहा उखानानी. शिट्टीसंगेच पेटाडस. उखाना सरतीन आनि बार उडी." मला ते पटलं. मी मान हलवली. ती मान हलवली हे आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. नियमाचा सगळा जीव त्या थांबण्यात होता आणि मी तेवढंच काढून टाकलं.

शिट्टी झाली. रांगा लागल्या. आबांनी बत्ती दिली आणि वर आले. उखाणे सुरू झाले. बडे साहेब खुर्चीत हसत होते. आठवी पाळी तिची. शेजारणीने पाठ करून घेतलेलं तिने म्हणायला सुरुवात केली, "काया दगडवर बसना घनना..." आणि समोर पुरुषांच्या रांगेकडे पाहिलं. तिथे नऊच जण होते.

तिने नवऱ्याचं नाव घेतलं. उखाणा नाही, राव नाही, नुसतं नाव, घसा फाटेस्तोवर. दोनदा.

ते नाव मी इथे लिहीत नाही. आणि जे झालं ते सांगायची लाज वाटते. आमच्यापैकी एकानेही खाणीकडे पाहिलं नाही. नवऱ्याचं नाव असं उघडं घेतलं म्हणून सगळे तिच्याकडे पाहत राहिले. मीही आधी तिच्याकडेच पाहिलं. मग आठवलं, दोन उखाण्यांची वात उरली आहे.

मी उतरणीवरून अर्धा घसरत खाली गेलो. तो एका कपारीआड, आबांना दिसला नसेल अशा जागी, वाकून आपली छिन्नी शोधत होता. हत्यारं उचला असं मीच सकाळी खुणेने सांगितलं होतं. शिट्टी ऐकू आलेली नाही, बाही धरायला बायको नाही, तिला आधीच बायकांच्या रांगेत लावलेलं. त्याला मानेला धरून मोठ्या धोंड्याआड ओढलं आणि बार उडाला. पाठीवर खडा पडला तेवढाच. त्याने मला पहिलं काय विचारलं असेल, तर छिन्नी कुठे आहे.

वर आलो तर बडे साहेब टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं हाही परीक्षेचाच भाग. "अगदी खऱ्यासारखं! त्या माणसाने तर काहीच ऐकू येत नसल्याचं काय सोंग केलं!" आमच्या साहेबाने माझ्याकडे पाहिलं, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने काही न लिहिता वही मिटली. मला तिथल्या तिथे दाखला मिळाला. माझ्याच चुकीतून माणूस वाचवल्याबद्दल.

त्यानंतर सगळी नावं घेऊन झाल्याशिवाय आबांना मी काडी ओढू दिली नाही. बहिऱ्याला लाल निशाण दिलं आणि वर बांधावर बसवलं. त्या कामाला डोळे पुरतात. उखाणे चालूच राहिले, पण ती पुन्हा बोट दाखवायला लागली.

त्या दिवशी वर आल्यावर सगळे आपल्या बायकोकडे पाहताना त्याला दिसले होते. बऱ्याच दिवसांनी तो मला म्हणाला, "मुकादमभाऊ, त्या दिन बठ्ठा तिनाकडे कसाले देखेत? काय बोलनी ती?"

मी त्याच्या कानाला तोंड लावून ओरडलो, "तुनं नाव लिधं तिनी!"

पलीकडे खडी फोडणाऱ्या तिचा हातोडा थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा खाली बघून फोडू लागली.

तो खो खो हसला. "ती? नाव? खोटं नका बोलू, भाऊ."

अख्ख्या खाणीने ते नाव ऐकलं होतं. ज्याचं होतं त्याला मात्र मी ते शेवटपर्यंत पटवू शकलो नाही.