चिंधी बांधलेला टोमॅटो

आज बेळगावच्या बाजारातला टोमॅटो चिरला, तर त्याला वासच नाही. आमच्या गावी, उचगावात, आक्काच्या बाराव्याला आलेला राग पुन्हा उसळला.

आक्का माझी थोरली बहीण. परसात गावठी टोमॅटो लावायची. पानांचा उग्र वास दिवसभर तिच्या हातांना असायचा. सगळ्यात चांगलं फळ बियाण्यासाठी ठेवून त्याला लुगड्याची चिंधी बांधायची. ती गेली त्या वर्षी तेवढं एकच फळ उरलं होतं. बाराव्याच्या जेवणाला काकांनी तेच कोशिंबिरीसाठी तोडलं.

"काका, त्याला चिंधी बांधलीती!"

"सोडून ठेवलीया की रं. एका टोमॅटोसाठी भांडतोस व्हय?"

लोकांना वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलंय. आज तो राग मला अपुरा वाटतो. चिंधी माझ्याजवळ आहे. ती बांधावी असं फळ कुठेच नाही.