मावशींचं लुगडं

समोरच्या दोरीवर वाळणारं लुगडं बघून आज मला भारी चीड आली. ते मीच रोज भिजवून वाळत घालते. शेजारच्या गंगूमावशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेल्यात. खोली बंद दिसली तर मालक म्हणणार, म्हातारी इथं राहतच नाही, जागा खाली करा.

"मावशी कुठंयत?" मालकाच्या माणसानं विचारलं.

"आंघोळीला."

"कालपासून?"

मी मान खाली घालून आत आले. कायदा भाडेकरूच्या बाजूनं आहे म्हणतात. मग जिचा सगळा संसार याच खोलीत झाला, तिनं म्हातारपणी आजारीसुद्धा पडू नये?

संध्याकाळी मावशींचा फोन आला. डोळ्याची पट्टी निघायच्या आधीच त्या परत येतायत. म्हणाल्या, "दुसरा डोळा आहे गं मला. दुसरी खोली कुठंय?"