शेवटच्या बांधावरून

जाड्या मिठाची पिशवी फोडली की ओलसर, खारा वास येतो आणि मी पुन्हा बाळकुमच्या मिठागरात उभी असते. मुलींची शाळा चौथीच्या पुढे न्या, असं आई गावसभेत सांगणार होती. घरात मोठ्यांसमोर तिचा आवाज कधी निघाला नव्हता. रोज संध्याकाळी ती मला लांबच्या बांधावर उभी करायची आणि दुसऱ्या टोकावरून सभेतलं बोलून बघायची. "ऐकू आला त हात वर कर गो." मला तो खेळच वाटायचा. आधी तिचे शब्द वाऱ्यात विरायचे. मग हळूहळू पोचू लागले.

सभेत मी सगळ्यात मागे होते. आई बोलू लागली आणि विड्या ओढणारे म्हातारेही तिच्याकडे वळले. तिची नजर माझा हात शोधत होती. मी मात्र ऐकतच राहिले. हात वर करायचा राहूनच गेला.