बंद पाकिटातला नारळ

आमचा श्रेयस पवईला कॉम्प्युटर शिकवणारा मोठा प्रोफेसर, पण भाजीवालीसमोर उभा केला तर त्याला कोथिंबिरीची जुडी निवडता येत नाही. मी उत्तरा, त्याची शेजारीण. मुलुंड पूर्वेला एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत आम्ही वाढलो, म्हणून त्याची टर उडवायचा हक्क मला आहे. "पुढे काय येणार ठाऊक नसताना हातातलं घ्यावं की सोडावं, यावर पेपर लिहितोस, आणि स्वतः रिक्षांवर रिक्षा सोडत उभा राहतोस?" असं म्हटलं की हसायचा. "म्हणून तर अभ्यास करतो गं. पण माझ्या विषयात एक वाईट आहे, एकदा ठरवलेलं फिरवता येत नाही."

लिलाव हा त्याचा दुसरा नाद. आपण फोनवर एखादं पान उघडतो, तेवढ्यात कुणाची जाहिरात दाखवायची याचा लिलाव होऊन जातो म्हणे. त्यात कुणी लबाडी करू नये, प्रत्येकाने मनातला खरा आकडा सांगावा, असे नियम हा बनवतो. बनव ना बाबा, कोण नको म्हणतंय! पण यंदा गणपतीत ते नियम त्याने आमच्या सोसायटीत आणले.

विसर्जनाआधी आमच्याकडे कलशावरच्या नारळाचा लिलाव होतो. सगळे मंडपात बसतात, "एक वार, दोन वार" असा पुकारा होतो, चिडवाचिडवी होते. ज्याच्या घरी आजारपण असेल, लग्न अडलं असेल, तो हमखास बोली लावतो. मागच्या वर्षी श्रेयस कोपऱ्यात बसून नुसता बघत होता. जिन्यात मला म्हणाला, "उत्तरा, आपल्याकडे चक्क संगनमत चालतं. त्या बाईने आकडा सांगितला आणि अख्खा मंडप चिडीचूप. सगळे मिळून भाव पाडतात." मोठी माणसं गप्प बसली की आपणही बसायचं, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. का, ते कुणी कधी सांगितलं नव्हतं.

यंदाच्या मीटिंगमध्ये त्याने मांडलं, पुकारा बंद. प्रत्येकाने आकडा चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालायचा. सगळ्यात मोठा आकडा त्याचा नारळ. नंतर सगळ्या चिठ्ठ्या नावासकट वाचून दाखवायच्या, म्हणजे कुणाला शंका नको. "कुणावर कुणाचं दडपण नको," म्हणाला. कमिटीला वाटलं, झकास! घरचा प्रोफेसर आहे, मंडळाचं भलंच करणार.

नेमके गणपतीत भाऊराव हॉस्पिटलात होते. हे मंडळ त्यांनीच उभं केलेलं. हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि त्यांच्या बायको कुंदाकाकू दिवसरात्र तिकडेच. मधे कधीतरी त्या येऊन पाकीट टाकून गेल्या, ते कुणालाच कळलं नाही.

नारळ गेला नव्या विंगमधल्या प्रितमला. टाळ्या झाल्या. मग श्रेयस एकेक चिठ्ठी वाचायला लागला आणि काकूंचं नाव आलं. आकडा अगदी साधा, पुकाऱ्यात पहिल्यांदा बोलतात तसा. तेव्हा मंडप गप्प झाला. पण तोवर नारळ प्रितमच्या हातात होता.

प्रितम बिचारा कानकोंडा झाला. तसाच नारळ घेऊन हॉस्पिटलात धावला. काकूंनी घेतला नाही. "बोलीचा नारळ बोलीनंच घरी यायला लागतो रे," म्हणाल्या. "दया म्हणून दिलेला कसा घेऊ?"

श्रेयस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहा पुढ्यात गार झाला. "नारळाने काही होत नसतं, हे मला कळतं गं. मग मला घरी का जाववत नाहीये?"

माझं डोकंच फिरलं. "नारळ गेला चुलीत! त्या बाईला आपण सगळ्यांनी मिळून हरवलं रे. तू हरवायला लावलंस. ऊठ आणि काकूंसमोर जाऊन बोल."

आम्ही पोचलो तेव्हा भाऊरावांना ऑपरेशनला आत नेलं होतं. काकू बाकावर एकट्याच, मांडीवर भाऊरावांचा चष्मा. श्रेयसला बघून बाजूला सरकल्या.

"जाताना विचारलं ह्यांनी, नारळ मिळाला का," त्या म्हणाल्या. "मला मेलीला खोटं बोलता येत नाही. नाही म्हटलं. तर म्हणाले, 'कुणीच गप्प बसलं नाही?'"

श्रेयस त्यांच्या पायाशीच बसला. "काकू, कुणाला कळलंच नाही हो. मी कळू दिलं नाही. ते बाहेर आले की मी स्वतः सांगतो त्यांना."

"सांग हो," काकू म्हणाल्या. चष्म्याच्या काचा पदराने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला आठवत नसेल. कावीळ होऊन पडला होतास, जगतोस की नाही असं झालेलं. तुझ्या आईने नारळाची बोली लावली. आमच्या लग्नाला किती वर्षं झालेली, घरात पाळणा नाही. त्या वर्षी नारळ आपणच घ्यायचा, असं आमचं ठरलेलं. मी ह्यांना कोपराने ढोसलं, बोला ना पुढचा आकडा. हे मान खाली घालून बसले. मला म्हणाले, 'गप्प बस. पोर आजारी आहे तिचं.'"

यात काकूंनी त्याला बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं. श्रेयसने तोंड ओंजळीत लपवलं. काकूंना पुढे मूल झालंच नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

ऑपरेशननंतर भाऊराव शुद्धीवर आले नाहीत. काकूंनी नर्सला सांगून आधी श्रेयसला आत पाठवलं. मी काचेतून बघत होते. नळ्यांमधून त्यांचा हात शोधून त्याने धरला आणि कानाशी वाकला.

"काका, सगळे गप्प बसले असते हो," तो सांगत होता. "त्यांना माहीत असतं ना, तर सगळे गप्प बसले असते."

नर्सने बाहेर काढेपर्यंत तो तेच सांगत राहिला. भाऊराव दुसऱ्या दिवशी गेले.