म्हसोबा हलला, कोनशिला हलली नाही

धावपट्टीच्या साहेबाने माझ्या मित्राला, भानुदासला फसवलं, आणि मध्यस्थ मी होतो. भानुदास गेल्याचा फोन आला त्याला दीड महिना होत आला, पण लिहायला बसलो की दुःखाआधी हा रागच वर येतो.

जालन्याबाहेरच्या धावपट्टीच्या टोकाला त्याचं शेत. बांधावर मोठा लिंब, खाली शेंदूर फासलेला म्हसोबा. नव्वद सालच्या आसपास साहेब आले. म्हणाले, विमान पट्टीवर थांबलं नाही तर पुढे मोकळी जमीन लागते. झाड, दगड, भिंत, काहीच चालत नाही. तेवढा तुकडा द्या. भानुदासने मला बोलावलं. हातगाडीवर भंगार गोळा करत मी एमआयडीसीत स्वतःचं गोदाम उभं केलंय. सौद्यात मला कुणी सहज गुंडाळत नाही. मी भावावरून भांडत होतो, भानुदासचं भलतंच.

"साहेब, झाड तोडतो, देवबी हलवतो. पन मंग तिथं दुसरं काहीच उभं राह्यलं न्हाई पाहिजे."

साहेबाने माझ्या हातावर हात मारला. आमच्या बैलबाजारात सौदा असाच पक्का होतो. तो मोडणारा पुन्हा बाजारात तोंड दाखवत नाही.

लिंब पडला. भानुदासने नारळ फोडला, अनवाणी चालत बैलगाडीतून म्हसोबा माझ्या गोदामाच्या फाटकापाशी आणला. नवी जागा ठरेपर्यंत, म्हणाला. पट्टी नवी झाली, उद्घाटन ठरलं, आणि त्याच मोकळ्या जमिनीवर काँक्रीटचा चबुतरा उभा राहिला. वर कोनशिला. आम्ही दोघं गेलो. मी आवाज चढवला.

"अहो शेठ, मोठ्या लोकांची नावं आहेत त्यावर," साहेब हसून म्हणाला. "ह्या कोनशिलेने काय अडतंय?"

"इमानाला काय कळतंय, दगड कुनाचा ते?" भानुदास एवढंच बोलला.

काही वर्षांनी, भर पावसात दुपारी, एक लहान विमान पट्टीवर थांबलं नाही. पुढे आमची काळी माती, गुडघाभर चिखल. त्यात रुतून थांबलं असतं... चबुतऱ्यावर आदळलं. शेजारच्या उरलेल्या वावरात भानुदास होता. त्यानेच वैमानिकाला ओढून काढलं. माणूस वाचला, पाय गेला. भानुदास तसाच रक्ताच्या सदऱ्याने माझ्याकडे आला आणि बराच वेळ म्हसोबासमोर बसून राहिला. थोड्याच दिवसांत कोनशिलेचा उडालेला कोपरा नव्या सिमेंटने भरून रंगवण्यात आला. अर्ज केले, खेटे घातले, भांडलो म्हणून दोनदा मला बाहेर काढलं. चबुतरा जागचा हलला नाही.

दर अमावस्येला भानुदास शेंदूर घेऊन यायचा. "काय शेठ, आमचा म्हसोबा भाडेकरू त्रास देतो का?" मी म्हणायचो, घेऊन जा की आता शेतात. तो मान हलवायचा. "माझा देव हलला. त्यांचा दगड हलू द्या, मंग बघू."

परवाच्या अमावस्येला भानुदासच्या जागी त्याची बायको, आमच्या वहिनी, आल्या. शेंदूर लावला. मी विचारलं, देव घरी न्यायचा का?

"नको. त्यांनी सांगितलंय."

तर देव माझ्या फाटकाशी आहे, आणि तो चबुतरा अजून धावपट्टीच्या तोंडावर आहे. साहेब निवृत्त झाले असतील, पण हात त्यांनी माझ्या हातावर मारला होता, आणि त्यांच्या खुर्चीवर आज कुणीतरी बसलेलं आहेच. पुढचं विमान घसरण्याआधी तो चबुतरा कोण पाडणार? त्या खुर्चीतल्या माणसाने उत्तर द्यावं. मला नको, वहिनींना येऊन द्यावं.