आत्ताचं की मागचं?

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळत आलो. गेल्या महिन्यात श्रीधर गेल्याचा फोन आला, तेव्हाही आधी मनात आलं ते दुःख नव्हतं... आता खरं जाणणारं कुणी उरलं नाही, हे आलं. त्या विचाराची किळस आली म्हणून लिहितो आहे.

आम्ही दोघं झाशीच्या जुन्या मराठी घरांतले. सदर बाजारातल्या एका छोट्या कंपनीत शीतगृहांचे कॉम्प्युटर बनवायचो. त्यांची ऑपरेटिंग सिस्टीमही आम्हीच बेतलेली. मी प्रमुख, तो माझ्या हाताखाली. मशीनच्या आतल्या सेन्सरांना दर थोड्या वेळाने विचारायचं, तापमान आणि पंख्याचा वेग पडद्यावर दाखवायचा, हा भाग त्याचा. सेन्सर गप्प राहिला तर तिथे ‘माहीत नाही’ असं यायचं. जोडणी क्षणभर सैल झाली तरी ते शब्द चमकायचे आणि ग्राहक वैतागायचे.

“शेवटचा आकडा तसाच ठेव,” मी म्हणालो. “लोकांना काय सांगायचं, हमें पता नहीं? हसतील रे.”

“हसू देत, दादा. मागचा आकडा आत्ताचा म्हणून दाखवायचा, हे तर झूठ झालं.”

“इथे प्रमुख तू आहेस की मी?”

त्याने माझ्यासमोर ते बदललं.

त्या उन्हाळ्यात झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावातल्या एका शीतगृहात उंदराने तार कुरतडली. मशीनमधला पंखा थांबला, सेन्सरही गप्प झाला. कॉम्प्युटर तापून जागीच अडकला, थंडावा बंद पडला. पडद्यावर मात्र जुना आकडा, हिरवागार. “सब ठीक दिख रहा था, भैया,” तिथला ऑपरेटर रडत सांगत होता. बटाटा सडून गेला होता. आमचे मालक ओरडले, “किसने लिखा है यह?” सगळे श्रीधरकडे वळले. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो...

त्याला काढलं. गावात बभ्रा झाला, तसं काम पुन्हा कुणी दिलं नाही. घरीच लोकांचे इन्व्हर्टर दुरुस्त करत बसला. तरी फोन तोच करायचा. मी ‘ठीक आहे’ म्हणालो की हसून विचारायचा, “हे आत्ताचं की मागचं, दादा?” त्या हसण्यात राग शोधून मी थकलो. सापडला असता तर बरं झालं असतं.

तेराव्याला त्याच्या खोलीत गेलो. टेबलावरचा त्याचा कॉम्प्युटर चालूच होता. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, पडद्यावर पंख्याच्या वेगापुढे हे कायम ‘माहीत नाही’ असतं. बिघडलंय का?”

“नाही,” मी म्हणालो. “बरोबर आहे ते.”

याहून जास्त बोलवेना. इस्पितळातून त्याचा शेवटचा फोन आला, तेव्हाही असंच झालं होतं. “कसे आहात, दादा?” “ठीक.” “आत्ताचं की मागचं?” त्याला धाप लागली होती. “आत्ताचं,” मी खोटंच बोललो आणि फोन ठेवला. तोंडापर्यंत आलं होतं ते एवढंच... श्रीधर, ते मी बदलायला लावलं होतं. मला माफ कर.